गूळ चालतो

"ग्लुकोजवाले कोण? ब्याऐंशी किलो?" असा पुकारा झाला आणि हॉलमधल्या सगळ्या उपाशी माना माझ्याकडे वळल्या. नाव पुरलं असतं हो. वजन कशाला?

लॅबमध्ये मधुमेहाची तपासणी होती, उपाशीपोटीचं रक्त आधीच दिलं होतं. आता 75 ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात ढवळून पाच मिनिटांत संपवायचं आणि दोन तास एका जागी बसायचं. चहा नाही, खाणं नाही. पाणी कोमट, गोडी घशाला चिकटणारी. माणसाच्या अख्ख्या रक्तात एरवी चार-पाच ग्रॅम ग्लुकोज फिरत असतं, म्हणजे मी काय गिळलं याचा अंदाज यावा.

शेजारच्या खुर्चीत एक काका होते. त्यांना नाश्ता करून दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं, म्हणून मांडीवर स्टीलचा डबा. डबा उघडला आणि तुपाजिऱ्याचा वास माझ्या रिकाम्या पोटात शिरला. साबुदाण्याची खिचडी! कडेला गुळाचा खडा.

"आज संकष्टी," काका म्हणाले. "साबुदाणा चालतो."

"उपासाला. पण शुगरला?"

"जे उपासाला चालतं ते शुगरला चालतंच. धान्य कुठाय त्यात?"

धान्य नाही हे खरं. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. काका एकेक घास चावत होते तेव्हाच लाळेतलं अमायलेज हे पाचकद्रव्य त्या साखळ्या तोडायला लागलं होतं. उरलेलं काम स्वादुपिंडाचा रस आणि लहान आतड्याच्या भिंतीवरची पाचकद्रव्यं उरकतात, मग सुटं झालेलं ग्लुकोज सोडियमचा हात धरून आतड्याच्या भिंतीतून आत शिरतं आणि थेट यकृताकडे जातं. माझ्या ग्लासात तोडायलासुद्धा काही नव्हतं, तयार माल. हे सगळं मी काकांना सांगितलं. ते शांतपणे चावत राहिले.

"आणि गूळ?" मी विचारलं.

"साखर कारखान्यातली, गूळ गुऱ्हाळातला. अंगाला कळतं."

अंगाला काय कळतं? गुळातही बहुतेक सुक्रोजच, म्हणजे साखरच. आतड्यात त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात, तिथे कुणी गुऱ्हाळाचा पत्ता विचारत नाही. "तुमचं पुस्तकी ज्ञान," काका म्हणाले आणि खडा तोंडात टाकला.

तसं पाहिलं तर साबुदाणा ज्या कसावाच्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणा आणि मिरचीही अमेरिका खंडातूनच आलेली. जिरं-तूप सोडलं तर सगळी खिचडी अमेरिकेची, मग तिला उपासात घेतलं कोणी? तरी आमच्याकडे एकादशी अन् दुप्पट खाशी. आणि ऑफिसात मी वाढदिवसाच्या केकला नको म्हटलं की 'एका तुकड्याने काय होतंय' म्हणणारे हेच लोक पोट दिसलं की 'कंट्रोल कर' म्हणतात. फुकटच्या सल्ल्यांचा मला खरंच वीट आलाय.

"उठा, शतपावली घाला," काका म्हणाले. "आकडा खाली येतो."

पाय आखडलेच होते. उठलो. दारापर्यंत गेलो नाही तोच काउंटरवरच्या मुलीचा आवाज आला, "ओ ब्याऐंशी किलो! फिरायचं नाही, बसा!"

नियमात ती बरोबर होती. हलणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता ग्लुकोज ओढून घेतात, मग तपासणीला अर्थ राहत नाही. पण हे कुणी आधी समजावून सांगू नये? सगळं ओरडूनच? काकांना मात्र कुणी हटकलं नाही. ते डबा धुवायला गेले, बाहेर गप्पा मारून आले आणि आल्यावर मला म्हणाले, "बसून बसूनच तर होतो हा रोग."

मी भिंतीवरच्या तक्त्यातलं यकृत बघत बसलो. यकृतात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजन, म्हणजे साठवणीचं ग्लुकोज, मावतं, सगळ्या स्नायूंत मिळून चारशेच्या आसपास. ही कोठारं भरली की जास्तीच्या खाण्याची रवानगी चरबीत. ब्याऐंशी किलो कुठून आले, त्याचं उत्तर समोर टांगलेलं होतं.

दुसरं रक्त झालं. (संध्याकाळी आकडा आला 148. 140च्या आत असता तर सुटलो असतो, 200 झाले असते तर सरळ मधुमेह म्हणाले असते. आता नुसतंच 'लक्ष ठेवा'.) बिल बघितलं तर ग्लुकोजच्या पाकिटाचे पैसे वेगळे लावलेले. त्याबद्दल विचारलं तर मुलीने मान वर केली नाही. सुट्टे नव्हते म्हणून उरलेल्या पैशांची दोन चॉकलेटं माझ्या हातावर ठेवली आणि पुढच्याचं वजन पुकारलं.