भीती कशाची घालावी आणि कशाची नाही

सुरुवात पावसापासून करा. जूनची पहिली सर आली आणि पोराने गॅलरीतून हात बाहेर काढला, की तो लगेच आत ओढा. सर्दी होईल, खोकला छातीत उतरेल, युनिट टेस्ट बुडेल, हे सगळं एका दमात म्हणता आलं पाहिजे. तरीही हसतंय? मग 'फार हसू नकोस, रडशील' हे आजीचं अस्त्र काढा.

आनंदाच्या विरोधात कुणीच नाही. तो शनिवारी संध्याकाळी मॉलच्या प्ले झोनमध्ये तासावर मिळतो, मोज्यांचे पैसे वेगळे. रंगीत चेंडूंच्या ढिगात पोरगं खरंच रमलं की जाळीबाहेरून हाका मारायच्या, 'इकडे बघ, हस!' हसू बरोबर आलं नाही तर पुन्हा उडी मारायला लावा.

जेवत नसेल तर पोलिसांना बोलवा. झोपत नसेल तरी पोलीसच. बागुलबुवाला हल्लीची पोरं जुमानत नाहीत, खाकी अजून चालते. पुढेमागे जत्रेत हात सुटला तर पोरगं पोलीस दिसताच पाळण्याच्या मागे लपेल, आणि तुम्ही भोंग्यावरून 'लाल शर्ट, निळी चड्डी' पुकारत बसाल. बसा. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करून घेण्यापेक्षा तेवीसचा पाढा बरा, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवता येतो.

'मुलं पळवणारी टोळी आली आहे' हा मेसेज आला की वाचून संपायच्या आत पुढे ढकला. टोळी कुठली, कुणी पाहिली, असल्या चौकशा करू नका. अशाच अफवेवरून जुलै 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. पण तुम्ही आपले काळजीपोटी पाठवताय. आणि पोराला खाली खेळायला सोडू नका. टोळी आलीय, ग्रुपवर आहे.

इतकं केल्यावर मूल भित्रं निघण्याचा धोका असतो. त्यावर उपाय स्कूटर. थोरला पुढे उभा, धाकटी मागे, दोन दप्तरं, मधे तुम्ही. हेल्मेट आरशाला अडकवलेलं, म्हणजे आरशाला तरी काही व्हायचं नाही. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर हेल्मेट, चालकाला बांधणारा पट्टा आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत, असा नियम केंद्राने 2022 साली काढला. तयारीला वर्षभराची मुदतही दिली. तो पट्टा बांधलेलं मूल तुम्ही कधी रस्त्यावर पाहिलंय? उगाच चारचौघांत वेगळं दिसायला नको.

शाळा समोरच दिसतेय, वळण पार पुढच्या चौकात. राँग साइडने घाला. समोरून टँकर आला आणि पोराने हँडल गच्च पकडून डोळे मिटले, तर मात्र कडक आवाजात सांगायचं, "घाबरतोस काय मुलीसारखा? बाबा आहेत ना!"

मागे बसलेल्या मुलीला हे ऐकू जातं, पण तिचं नंतर बघू.