मॉन्टसेराटवर माणसं राहतात

सध्या एक मजकूर फोटोंसकट फिरतो आहे. राखेत बुडालेली घरं, अर्धवट गाडलेला घड्याळाचा मनोरा आणि खाली ओळी: ‘कॅरिबियनमधलं हे बेट ज्वालामुखीनं एका रात्रीत गिळलं. आधुनिक पॉम्पेई! आज तिथे कोणी राहत नाही. पाऊल ठेवणं म्हणजे मरण. बघायला फक्त राख.’ बेट आहे मॉन्टसेराट. जेमतेम १०२ चौरस किलोमीटरचं, ब्रिटनच्या अखत्यारीतलं. फोटो खरे आहेत, पण त्याखालची जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे.

‘एका रात्रीत’ हे तर मुळीच नाही. सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी १८ जुलै १९९५ रोजी जागा झाला. राजधानी प्लिमथमधून लोकांना आधी तात्पुरतं आणि एप्रिल १९९६ मध्ये कायमचं हलवलं गेलं. शहर जळून गाडलं गेलं ते ऑगस्ट १९९७ मध्ये, आणि तेव्हा ते रिकामं होतं. म्हणून ज्वालामुखीच्या राखेत माणसांसकट गाडल्या गेलेल्या इटलीतल्या प्राचीन पॉम्पेई शहराची उपमा इथे लागू पडत नाही. माणसं गेली ती २५ जून १९९७ रोजी, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. तप्त वायू आणि दगडराखेचा लोट उतरला आणि १९ जणांचा जीव गेला. धोक्याचा इशारा असूनही त्यातले कितीतरी आपल्या शेताकडे परतलेले होते. रानातलं पीक आणि गुरं सोडून छावणीत बसून राहणं किती अवघड असतं, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको. त्या १९ जणांचा उल्लेख त्या मजकुरात कुठेच नाही, याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

हा लोट कसा तयार होतो तेही सांगतो. आपला सह्याद्री पातळ, दूरवर वाहत जाणाऱ्या लाव्हाच्या थरांनी बनला. मॉन्टसेराटचा लाव्हा घट्ट आणि चिकट. तो वाहत नाही, तोंडाशीच घुमटासारखा साचतो आणि घुमट ढासळला की लोट सुटतो.

‘कोणी राहत नाही’. आधी बेटावर अकरा-बारा हजार लोक होते, आज चार हजारांच्या वर आहेत. बहुतेक लोक ब्रिटन आणि शेजारच्या बेटांवर गेले, उरलेल्यांनी उत्तरेत नव्यानं बस्तान बसवलं. सरकारी कचेऱ्या ब्रेड्सला आहेत. जुना विमानतळ ज्वालामुखीनं नेला, नवा २००५ मध्ये गेराल्ड्सला सुरू झाला. क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो: वेस्ट इंडीजकडून कसोटी खेळलेला पहिला मॉन्टसेराटकर, लायोनेल बेकर, २००८ मध्ये मैदानात उतरला.

‘पाऊल ठेवणं म्हणजे मरण’ या ओळीत थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. ज्वालामुखी विझलेला नाही. त्यातून वायू निघतोच आहे. बेटाचा निम्म्याहून अधिक दक्षिण भाग निषिद्ध क्षेत्रात मोडतो. पण घुमट शेवटचा मोठ्या प्रमाणात ढासळला तो ११ फेब्रुवारी २०१० रोजी. बेटावरची वेधशाळा त्याच्यावर रात्रंदिवस नजर ठेवते, तिच्या निरीक्षणांवर धोक्याची पातळी ठरते आणि त्यानुसार कुठे जाता येईल तेही. प्लिमथ बघायचं तर परवानाधारक वाटाड्या लागतो. तो मागे फिरा म्हणाला की फिरायचं. तसंही गॅरिबाल्डी हिलवरून ते शहर नीट दिसतं. अँटिग्वाहून छोट्या विमानानं साधारण वीस मिनिटांत पोचता येतं आणि उत्तर भागात मोकळेपणानं हिंडता येतं.

राहिलं ‘फक्त राख’. सेंटर हिल्सच्या दाट रानात मॉन्टसेराट ओरिओल हा पिवळा-काळा पक्षी आहे, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारा. काळ्या वाळूचे किनारे आहेत. बकऱ्याच्या मटणाचा ‘गोट वॉटर’ नावाचा रस्सा तिथला मानाचा पदार्थ.

पण मला विचाराल तर जायचं ते मार्चमध्ये. १७ मार्च, सेंट पॅट्रिक या आयर्लंडच्या संताचा दिवस, तिथे सार्वजनिक सुट्टी असते. सतराव्या शतकात आलेल्या आयरिश वसाहतकऱ्यांची ती आठवण आहे, पण तेवढीच नाही. १७६८ साली याच दिवशी, मळेवाले मेजवानीत दंग असताना उठाव करायचा असं गुलामांनी ठरवलं होतं. बेत फुटला आणि त्यांच्यातल्या काहींना फासावर चढवलं गेलं. हिरवे कपडे घालून नाचणारी माणसं त्या गुलामांची वंशज आहेत, आणि त्या दिवशी परदेशी गेलेले मॉन्टसेराटकरही मोठ्या संख्येनं गावी येतात. आपल्याकडे गावच्या जत्रेला मुंबईचे चाकरमानी येतात, तसे.

कागदोपत्री राजधानी आजही प्लिमथच आहे. ज्या राखवाळूनं ते गाडलं, ती आता तिथूनच उपसतात आणि प्लिमथच्याच जुन्या धक्क्यावरून जहाजात भरून शेजारच्या बेटांवर बांधकामासाठी पाठवतात.