हात लहान म्हणून चेंडू लहान? हातचलाखीच्या चेंडूंच्या मापाबद्दलचा फिरता सल्ला तपासून बघू

हातचलाखी शिकणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षे जसाच्या तसा पुढे सरकत असतो. त्याचा मजकूर साधारण असा: हात लहान असेल तर चेंडू लहान घ्या. नवशिक्याने एक इंचापासून सुरुवात करावी आणि माप वाढवत न्यावे. स्टेजवर चेंडू जितका मोठा तितका चांगला. स्पंजच्या चेंडूचे माप बघायची गरज नाही, तो दाबला जातोच. कप्स अँड बॉल्सला, म्हणजे उपड्या कपांखाली चेंडू गायब आणि प्रकट करण्याच्या प्रयोगाला, कपात मावेल तो कोणताही चेंडू चालतो. सरावापुरता टेबल टेनिसचा चेंडू पुरे.

सहाही वाक्ये ऐकायला पटतात. पण एकातही रुटीनचा, म्हणजे प्रयोगाच्या ठरलेल्या क्रमाचा, उल्लेख नाही, आणि गोम तिथेच आहे. रुटीनमध्ये चेंडू ज्या ज्या जागी लपतो, त्यातली सर्वांत अडचणीची जागा आधी शोधायची. ती कधी तळहातात असते, कधी शेलमध्ये (चेंडूवर टोपीसारख्या बसणाऱ्या पोकळ अर्ध्या कवचीत), कधी एकात एक बसलेल्या दोन कपांच्या फटीत, कधी प्रेक्षकाच्या मुठीत. माप त्या जागेवरून निघते.

“हात लहान, तर चेंडू लहान”

हात लहान म्हणजे नेमके काय लहान? लोक बोटांची लांबी बघतात. क्लासिक पाममध्ये, म्हणजे चेंडू तळहातात लपवून धरण्याच्या नेहमीच्या पकडीत, बोटांच्या लांबीचा जवळजवळ काही संबंध येत नाही. चेंडू धरला जातो तो अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा आणि त्याच्या समोरचा, अनामिका-करंगळीच्या मुळाखालचा भाग यांच्यामध्ये. त्यामुळे आखूड पण भरलेल्या हातात 45 मिमीचा चेंडू आरामात बसतो आणि लांबसडक, हडकुळ्या हातातून तोच घसरतो.

शिवाय लहान चेंडू म्हणजे सोपा चेंडू हे गृहीतकच चुकीचे आहे. 25 मिमीचा चेंडू तळहातात धरायचा तर अंगठा आत ओढावा लागतो, तळहाताला खळगा पडतो, हाताची पाठ ताठ होते. चेंडू दिसत नाही, पण हात काहीतरी धरून आहे हे लगेच कळते. मोठ्या चेंडूची खोड उलटी. अंगठा बाहेर ढकलला जातो आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या खिडकीतून बाजूला बसलेल्याला चेंडूची कड दिसते. तुमच्या हाताला या दोन चुकांच्या मधले माप हवे.

सुरुवातीचा अंदाज असा काढता येतो. चार बोटे जुळवून, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी हाताची रुंदी मोजा आणि तिची निम्मी घ्या. रुंदी 84 मिमी असेल तर 42, 74 असेल तर 37. बाजारातली मापे इंचात असतात: सव्वा इंच म्हणजे 32 मिमी, दीड इंच 38, एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच 41, पावणेदोन इंच 44.5, दोन इंच 51. अंदाजाच्या जवळची दोन मापे हातात घेऊन बघा आणि मग ठरवा.

बघायचे कसे? चेंडू पाम करा, हात मोकळा सोडा, बोटे नेहमीसारखी किंचित वाकलेली राहू द्या. तळहात जमिनीकडे करून हात हलका झटका. आता त्याच हाताने पेन्सिल उचला, रुमाल उलगडा, दुसऱ्या हाताची बाही वर सारा. चेंडू सुटला तर माप किंवा पृष्ठभाग चुकतो आहे. चेंडू राहिला पण अंगठा लाकडासारखा झाला तर माप नक्की चुकते आहे. शेवटी आरशासमोर दोन्ही बाजूंनी 45 अंशांत वळून बघा आणि एकदा मोबाइल खुर्चीच्या उंचीवर ठेवून चित्रण करा. बसलेला प्रेक्षक हाताच्या खालून बघतो, हे आरसा सांगत नाही.

पृष्ठभागाची शंका आधी फेडून घ्यावी. लॅकर मारलेला लाकडी चेंडू कोरड्या हातातून सटकतो, तर सिलिकॉनचा त्याच मापाचा चेंडू चिकटून बसतो. कोरड्या हाताला थोडेसे हँड लोशन लावून पाच मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्या. बरेचदा माप बदलावेच लागत नाही.

“एक इंचापासून सुरुवात करा आणि वाढवत न्या”

हा सल्ला सर्वांत नुकसानकारक. एक इंचाच्या चेंडूवर तुम्ही जे शिकता ते दीड इंचावर जात नाही. अंगठा कुठे थांबतो, चेंडू किती अंतर घरंगळतो, कोणत्या क्षणी पकड बदलते, सगळे सरकते. बोटांमधल्या करामतीत हे आणखी ठळक होते. तर्जनी आणि मधल्या बोटात एक इंची चेंडू धरला की बोटांची पेरेच त्याचा बराचसा भाग झाकतात. प्रेक्षकाला चेंडूऐवजी बोटे दिसतात.

प्रौढ हाताने दीड इंचापासून सुरुवात करावी, लहान मुलांनी सव्वा इंचापासून. आणि निवडलेले माप बदलू नये.

मल्टिप्लाइंग बॉल्स करायचे असतील, म्हणजे एकाच हाताच्या पाच बोटांमध्ये चार चेंडू, तर अडचणीची जागा अनामिका आणि करंगळीच्या मधली. ती फट सर्वांत कमी उघडते. म्हणून दुकानात पहिला चेंडू तिथेच अडकवून बघा. बोटांची पकड चेंडूच्या मध्यरेषेवर यायला हवी. ती थोडी जरी तळहाताकडे गेली, तरी चेंडू साबणासारखा पुढे निसटतो. या जागी पकड मध्यरेषेपर्यंत पोहोचतच नसेल, तर बाकीच्या तीन जागा कितीही सोयीच्या असोत, तो संच तुमचा नाही. खालचे माप घ्या.

याच प्रयोगात शेल येतो. शेल बसलेला चेंडू नुसत्या चेंडूपेक्षा साधारण एक ते दीड मिमी मोठा होतो, आणि हा फरक अगदी घट्ट फटीत जाणवतो. सगळ्या चाचण्या शेलसकट करायच्या त्या यासाठी. शेल नेहमी त्याच संचातला हवा. घट्ट शेल ऐनवेळी चेंडूला धरून बसतो आणि चेंडू मागून काढताना शेलही ओढला जातो. सैल शेल खुळखुळतो, आणि शांत खोलीत तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. बरोबर शेलची खूण सोपी: शेल वाटीसारखा धरून त्यात चेंडू सोडला तर तो न अडकता तळाशी बसतो, आणि पालथा केला की आपल्या वजनाने बाहेर येतो, पण हलवल्यावर वाजत नाही. पाकिटावरचा इंचाचा आकडा ढोबळ असतो, तेव्हा व्हर्निअर कॅलिपरने मोजूनच घ्या.

“स्टेजवर जितका मोठा तितका चांगला”

हिशेब करून बघू. 10 मीटरवरून 45 मिमीचा चेंडू दिसतो तेवढा, जेवढा हातभर, म्हणजे 60 सेंमी अंतरावरचा 2.7 मिमीचा ठिपका. 38 मिमीचा चेंडू याच हिशेबाने 2.3 मिमीचा ठिपका. या 0.4 मिमीसाठी पाम बिघडवून घ्यायची का? स्टेजवर दिसणे ठरते रंगाने आणि पार्श्वभूमीने. काळ्या कोटासमोर पांढरा किंवा पिवळा 38 मिमीचा चेंडू गडद लाल 51 मिमीच्या चेंडूपेक्षा स्पष्ट दिसतो. चकचकीत पृष्ठभागावर दिव्याचा ठिपका चमकतो, त्यानेही फरक पडतो. उलट स्टेजला बाजूच्या खुर्च्या असतात, आणि मोठ्या चेंडूची कड उघडी पडते ती नेमकी त्यांच्यासमोर.

“स्पंजचे माप बघायची गरज नाही”

इथे इंचाचा आकडा फसवतो. स्पंज लपवताना व्यास लपवायचा नसतो, सगळा फोम मुठीत कोंबायचा असतो, आणि तो व्यासाच्या घनाने वाढतो. एक इंची चेंडूत सुमारे 9 घन सेंमी फोम, दीड इंचीत 29, दोन इंचीत 69, तीन इंचीत 232, चार इंचीत जवळपास 550. म्हणजे दीडवरून दोन इंचावर गेलात की फोम जवळपास 2.4 पट झाला. दीड इंची दोन चेंडूंत मिळून जेवढा फोम आहे, त्याहून दोन इंची एकाच चेंडूत जास्त आहे.

आता रुटीन आठवा. प्रेक्षकाच्या मुठीत एक म्हणून दोन चेंडू द्यायचे. अडचणीची जागा त्याची मूठ, तुमची नव्हे. प्रेक्षक दहा वर्षांचा असेल तर दोन इंची दोन चेंडू करंगळीच्या बाजूने फुगून बाहेर येतात, आणि त्याला मूठ उघडण्याआधीच कळते. मुलांपुढे दीड इंची ठेवा. मोठ्यांपुढे, पाच-सहा जण गोल करून उभे असतील तर, दोन इंची शोभतात.

मापाइतकाच फोमचा मऊपणा बघायला हवा. अतिमऊ फोमचा दोन इंची चेंडू घट्ट फोमच्या दीड इंचीपेक्षा सहज लपू शकतो. दोन चेंडू मुठीत दाबा, मूठ फिरवून अंगठ्याकडचे भोक आणि करंगळीकडची बाजू तपासा, पाच सेकंदांनी उघडा. दोन्ही लगेच गोल व्हायला हवेत. एक चपटाच राहिला तर तो आत्तापर्यंत कुठे होता याचा पुरावाच प्रेक्षकाच्या तळहातावर पडला. जुना फोम असाच मंदावतो आणि मग चुरा सोडू लागतो, तेव्हा सबंध संच एकदम बदलावा. जुना-नवा एकत्र केला तर रंग आणि उसळी दोन्ही वेगळी दिसतात.

“कपात मावेल तो कोणताही”

कपात तर लिंबूही मावते, शेवटी लोड म्हणून, म्हणजे कपाखाली गुपचूप भरलेली मोठी वस्तू म्हणून, तेच निघते. प्रश्न आहे तो दोन कपांच्या मधल्या जागेचा. कप उपडे ठेवले की प्रत्येकाच्या माथ्यावर उथळ खोलगट भाग असतो. त्यावर चेंडू ठेवून वरून दुसरा कप बसवतात. बऱ्याच रुटीनमध्ये तिथे तीन चेंडू एकत्र जमतात. एकमेकांना टेकलेले तीन चेंडू बसायला व्यासाच्या 2.155 पट रुंदीचे वर्तुळ लागते: 19 मिमीच्या चेंडूंना 41 मिमी, 22 मिमीच्यांना 47, 25 मिमीच्यांना 54. वरच्या कपाची त्या उंचीवरची आतली रुंदी याहून कमी असली तर तिसरा चेंडू दुसऱ्यांच्या डोक्यावर चढतो, वरचा कप तिरका बसतो, आणि उचलताना दोन्ही कप एकदम वर येतात.

उंचीची फट मोजायला एक सोपी युक्ती आहे. उपड्या कपाच्या माथ्यावर ओल्या मातीचा किंवा प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवा, दुसरा कप पूर्ण बसेपर्यंत दाबा, काढा, आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजा. 24 मिमी आली तर चेंडू 22 किंवा 23 चा घ्या. विणलेला चेंडू मिमीभर दबतो, लाकडी किंवा कडक रबरी जवळजवळ दबत नाही, तेव्हा कडक चेंडूला आणखी थोडी मोकळीक ठेवा.

इथे लहान चेंडूच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, जो सल्ला देणारे सांगतच नाहीत. कप टेकवताना बोटांच्या मुळाशी धरलेला चेंडू आत सरकवायचा तर कपाची मागची कड चेंडूच्या व्यासाइतकी उचलावी लागते. 75 मिमी तोंडाच्या कपासाठी 19 मिमीच्या चेंडूला सुमारे 15 अंशांचा कल पुरतो, 25 मिमीला 19 ते 20 अंश, 28 मिमीला 22. कल वाढला की पलीकडे बसलेल्याला कपाखालून उजेड दिसतो. पण 19 च्या खाली उतरू नका. इतका बारीक चेंडू बोटांच्या फटीतून डोकावतो, आणि खोट्या देवाणघेवाणीत, म्हणजे चेंडू दुसऱ्या हातात दिल्याचे नुसते भासवताना, हात पूर्ण मिटावा लागतो, जे प्रेक्षकाला खटकते.

पृष्ठभाग विणलेलाच हवा. कडक चेंडू धातूच्या कपावर वाजतो आणि टेबलावरून पळतो.

चॉप कपचे, म्हणजे चुंबकाने चेंडू आत वर चिकटवून ठेवणाऱ्या कपाचे, माप वेगळे बघायचे, कारण तिथे चेंडूत लोखंड किंवा चुंबक असतो. चेंडू मोठा म्हणजे वरची विणकाम-गुंडाळी जाड, आणि चुंबकातले अंतर वाढले की ओढ झपाट्याने घटते. कप अलगद टेकवल्यावर चेंडू वर चिकटून राहायला हवा आणि टेबलावर जरा जोरात टेकवल्यावर सुटायला हवा. अलगद टेकवतानाच सुटत असेल तर बारीक चेंडू बघा. आपटूनही सुटत नसेल तर मोठा.

“सरावाला टेबल टेनिसचा पुरे”

तो 40 मिमीचा असतो, म्हणून माप जुळल्यासारखे वाटते. पण वजन 2.7 ग्रॅम. तळहाताला तो जाणवतच नाही, त्यामुळे पकड किती घट्ट हवी हे स्नायू शिकत नाहीत, आणि गुळगुळीत असल्याने उगाच जास्त दाबायची सवय लागते. गोल्फचा चेंडू बरा: व्यास किमान 42.67 मिमी, वजन जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम, म्हणजे सुमारे 17 पट, आणि खळग्यांमुळे धरायला सोपा. मात्र शेलचा सराव त्यावर होत नाही. 41 मिमीच्या संचातल्या शेलमध्ये तो शिरत नाही आणि 44.5 च्या शेलमध्ये खुळखुळतो. स्नूकरचा 52.5 मिमीचा चेंडू पामसाठी बहुतेक हातांना मोठाच. ज्या संचाने प्रयोग करणार त्यातलाच एक चेंडू सरावाला ठेवा, आणि टवके उडाले की तो प्रयोगाच्या संचात परत मिसळू नका.