‘धप्पा’ टी-शर्टला मिळालेल्या एका स्टारबद्दल

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची तक्रार आधी थोडक्यात सांगते. आमच्या ‘धप्पा’ डिझाइनचा काळा टी-शर्ट तुम्ही जुन्या लिंकवरून मागवलात, 1,499 रुपये मोजलेत, दोन धुण्यांत गुलाबी रंग विटला. बदलून मागितलात तर आम्ही कंपनीकडे बोट दाखवलं, आणि आता ती लिंकच उघडत नाही. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘नाशिकचं नाव विकायचं आणि जबाबदारी आली की हात वर करायचे.’ हे शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं आहे, म्हणूनच एवढं सविस्तर लिहिते आहे.

ती लिंक आमच्या दुकानाची नव्हती. एका परदेशी प्रिंट-ऑन-डिमांड (ऑर्डर आली की मगच छापणाऱ्या) मार्केटप्लेसवर माझं पान होतं, त्याची होती. तिथे मी फक्त चित्राची फाइल चढवायची. ऑर्डर तुम्ही कंपनीला देता, पैसे कंपनी घेते, टी-शर्ट त्यांचा, छापणारा कारखाना त्यांनी नेमलेला, कुरिअरही त्यांचं. माझ्या स्क्रीनवर दिसते ती एक ओळ: कोणतं डिझाइन, कोणती वस्तू, कोणता देश, माझा वाटा किती. तुमचं नाव, पत्ता, फोन यातलं काहीही मला कळत नाही. तुम्ही मेसेज केलात तेव्हा ही ऑर्डर नाशिकमधलीच आहे हेसुद्धा मला तुमच्याकडूनच समजलं. त्या 1,499 मधले साधारण दीडशे रुपये माझ्या वाट्याचे. ते जमा व्हायच्या आधीच त्यातून खातेशुल्क कापलं गेलं, ते वेगळंच.

आता रंगाचं. तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. गुलाबी भागातून काळ्या सुताचे बारीक तंतू वर आलेले दिसतात, आणि जिथे रंग उरलाय तिथे तो करडट झालाय. काळ्या कापडावर डिजिटल छपाई करायची तर आधी कापडावर एक द्रावण मारून ते दाबून वाळवावं लागतं, मग पांढऱ्या शाईचा थर, मग त्यावर रंग. द्रावण कमी पडलं किंवा घाईत मारलं की पांढरा थर सुतात मुरतो आणि वरचा गुलाबी उघडा पडतो. शाई भाजायला पुरेशी उष्णता आणि वेळ दिला नाही तरी धुण्यात हेच होतं. नेमकं काय झालं हे तो कपडा हातात घेतल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण फाइलमधला रंग धुण्यात जात नसतो. त्याच फाइलवरून इथे छापलेले टी-शर्ट दुकानात टांगलेत, येऊन बघा.

आणि गुलाबी गेला की त्या डिझाइनमध्ये राहतं काय? नाशिकबाहेरचे वाचत असतील तर सांगते, रंगपंचमीला आमच्याकडे पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीतला रंगाचा हौद, एरवी वर्षभर बुजवून ठेवलेला. त्यात उडी मारायची तो धप्पा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, शनिचौकात गुलाबी, तिवंध्यात पिवळा. गुलाबीची पिवळी चालत नाही आणि करडी तर नाहीच. त्यामुळे तुम्ही चिडलात ते मला पटतं.

लिंक का बंद झाली, तेही विचारलंत. त्या कंपनीने खात्यांचे वर्ग पाडले. खालच्या वर्गातल्यांच्या कमाईतून दर महिन्याला शुल्क कापायला सुरुवात झाली आणि वर्ग कशावरून ठरतो हे विचारलं की ठरावीक साच्यातला ई-मेल यायचा. पाठोपाठ डिझाइन तपासण्याचं काम यंत्राकडे गेलं. माझी देवनागरी अक्षरांची डिझाइन्स ‘मजकूर पडताळता येत नाही’ म्हणून एकेक करून उतरवली गेली. ‘धप्पा’ त्यातलंच. अपील केलं, उत्तर आलं नाही. मग पान मीच बंद केलं.

कंपनीचं नाव मी घेत नाही. खाली ज्या ऑनलाइन बाजारांची नावं येतील त्यांतली ती नाही, पण हवा सगळीकडे तीच आहे. एट्सीने एप्रिल 2022 मध्ये विक्रीवरचं शुल्क 5 टक्क्यांवरून 6.5 टक्के केलं, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी निषेध म्हणून आठवडाभर दुकानं बंद ठेवली होती. शुल्क काही खाली आलं नाही. रेडबबलने मे 2023 पासून खात्यांचे तीन स्तर केले आणि सगळ्यात खालच्या स्तराला खातेशुल्क लावलं. सोसायटी सिक्सने तर 2025 मध्ये कोणीही दुकान मांडावं ही सोयच काढून टाकली आणि निवडक कलाकार ठेवले. कंपन्यांचीही बाजू आहे, नाही असं नाही. एआयने बनवलेली चित्रं आणि दुसऱ्याची चोरलेली डिझाइन्स गोण्या भरभरून चढवली जातात, ती कोणीतरी चाळायलाच हवीत. पण चाळणी लावताना मराठी वाचता येणारं एखादं माणूस ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? असो. गाळा त्यांचा, पाटी तेवढी माझी. मालकाने नियम बदलले की पाटी उतरवायची, एवढंच आपल्या हातात राहतं.

म्हणून आता छपाई इथेच, नाशिकच्या अंबडला. तुमच्या रिव्ह्यूच्या दुसऱ्या भागाचं उत्तर इथे येतं: ‘आता अॅडव्हान्स मागतात, तीन आठवडे थांबवतात, मेन रोडला असा टी-शर्ट अडीचशेला मिळतो.’ मिळतो, आणि घ्यायचा तर जरूर घ्या. आमचा 649 ला आहे, 5 टक्के जीएसटी धरून. कापड तिरुपूरचं, 180 जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचं), पूर्ण सुती. ‘धप्पा’ला चार रंग लागतात, प्रत्येक रंगाची स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळीची चौकट, वेगळी, काळ्यावर खालच्या पांढऱ्या थराची पाचवी. पाच स्क्रीन लावून दोन टी-शर्ट छापले तर ते त्या परदेशी कंपनीपेक्षा महाग पडतील. त्यामुळे ऑर्डरी साठवतो आणि एकदम छापतो. निम्मे पैसे आधी घेतो, कारण आधी मागवून नंतर फोन न उचलणारेही भेटलेत. फिल्मवर छापून इस्त्रीने चिकटवायची पद्धत आहे, तिच्यात एकच नग लगेच निघतो. पण छातीभर मोठ्या डिझाइनला ती मी वापरत नाही. मे महिन्यात तो तुकडा अंगाला रबरासारखा चिकटतो, आणि तेव्हा तुम्ही परत एकच स्टार द्याल.

हात वर करण्याबद्दल. तुमचे 1,499 रुपये माझ्याकडे आलेले नाहीत, ते मी परत करू शकत नाही आणि करते असं खोटं सांगणार नाही. ते कंपनीकडूनच घ्यायचे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने तुमच्या तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा असतो. भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही हे नियम लागू आहेत. ऑर्डर क्रमांक, धुण्याआधीचा फोटो असेल तर तो, आत्ताचा फोटो आणि मानेजवळच्या लेबलचा फोटो एवढं जोडा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तक्रारीचा मजकूर इंग्रजीत हवा असेल तर दुकानात या, मी लिहून देते. छपाईतला दोष कुठे दिसतो हेही त्यात नीट मांडता येईल.

माझ्याकडून एवढं करते: ‘धप्पा’चा इथे छापलेला टी-शर्ट घेतलात तर माझ्या वाट्याचे दीडशे रुपये त्याच्या किमतीतून वजा करीन, म्हणजे 499 पडतील. जुना टी-शर्ट सोबत आणा, पण परत घेण्यासाठी नाही, मला तो उलटा करून आतून बघायचाय. स्टार बदला असं मी म्हणत नाही. फक्त तो टी-शर्ट कोणी छापला होता तेवढं रिव्ह्यूमध्ये घातलंत तर बरं, कारण लोक ते वाचून इथल्या छपाईबद्दल मत बनवतायत.

पुढची बॅच शुक्रवारी छपाईला जाते. काळ्यामध्ये एक्सएल थोडेच उरलेत, तेव्हा साइज गुरुवार संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर कळवा.