आपण बरे, आपले टेन्स बरे

परदेशात इंग्रजी शिकवायला निघालात? अभिनंदन! व्याकरणाची उजळणी नंतर करा, आधी गप्प बसायची सवय लावून घ्या. या धंद्यात शेवटपर्यंत कामाला येते ती तेवढीच पात्रता.

कराराच्या दोन प्रती मिळतील, एक इंग्रजीत आणि एक तिथल्या भाषेत. वाद झाला तर दुसरीच ग्राह्य, हे पहिलीच्या तळाशी बारीक अक्षरात असेल. दुसरी तुम्हाला वाचता येत नाही, यात मालकांचा काय दोष? आठवड्याचे 25 तास म्हणजे वर्गातले, बरं का. सकाळी सातच्या आणि रात्री आठच्या बॅचमधला वेळ तुमचा स्वतःचा. वह्या तपासा, फुकट डेमो द्या. पासपोर्ट ‘नोंदणीसाठी’ मागतील, देऊन टाका. कागदपत्रं अडकवून ठेवणं हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना वेठबिगारीचं लक्षण मानते. पण ती माणसं जिनिव्हात बसलेली, त्यांना इथलं ‘घरच्यासारखं वातावरण’ काय कळणार!

स्टाफरूममधलं हजेरीपुस्तक मात्र चाळू नका. वर्ग एकच, सहा महिने, हस्ताक्षरं पाच. एक गोलगोल, एक तिरपं, एक घाईघाईचं. शेवटचं तर महिन्याच्या मध्येच, एका बुधवारी थांबलंय. त्या बुधवारी काय झालं, ते विचारायचं नाही.

दक्षिण कोरियात असाल तर अकराव्या महिन्यात जरा जपून. तिथे वर्ष पूर्ण करून नोकरी सोडणाऱ्याला किमान 30 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी रक्कम द्यावी लागते. त्यामुळे दहा महिने झाकलेले तुमचे उच्चारदोष काही मालकांना नेमके तेव्हाच ऐकू येऊ लागतात. हे चारचौघांत सांगाल, तर तिथे खरं बोलूनही अब्रुनुकसानीचा गुन्हा होऊ शकतो. लोकहितासाठी बोललो हे पटवता आलं तर सुटाल. पटवा मग, कोरियन भाषेत.

पगार लांबला तरी धीर सोडू नका. जपानमधल्या ‘नोव्हा’ या इंग्रजी क्लासच्या अवाढव्य साखळीतल्या हजारो शिक्षकांनी 2007 मध्ये असाच धीर धरला होता. पगारातून घरभाडं कापलं जात होतं, ते घरमालकाकडे पोचत नव्हतं, हे काहींना घर सोडायची नोटीस आल्यावर कळलं. ऑक्टोबरात साखळीच कोसळली. तोवर वर्ग मात्र चालू होते, हे विसरून चालणार नाही.

आणि एक दिवस तुमच्यावर खरी जबाबदारी येईल. नोकरीसाठी विचारणा करणाऱ्या कुणा बाईंना आधी एखाद्या शिक्षकाशी बोलायचं असेल. व्हिडिओ कॉल लागेल, मालक स्वतः खुर्ची ओढून तुमच्या शेजारी बसतील, चहासुद्धा मागवतील. बाई विचारतील, “पगार वेळेवर होतो ना हो?” आधी मालकांकडे बघा. मग कॅमेऱ्याकडे बघून हसा आणि म्हणा, “हॅलो? हॅलो? तुमचा आवाज तुटतोय.”