बायकोचा फोन माझ्या दुकानात आणू नका

आज दुपारी एका मुलाला मी दुकानातून हाकललं. दिवेलागण झाली, जेवण झालं, तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे.

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातलं माझं दुकान तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आधी टेप-रेडिओ, मग मोबाइल. बॅटरी, फोल्डर (म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले), चार्जिंग जॅक यांतच केस पांढरे झाले. आजचा मुलगा आपल्यातलाच. गणपतीत आरतीला झांजा वाजवायला माझ्या शेजारी उभा राहायचा तेव्हा माझ्या कमरेएवढा होता. नाव लिहिणार नाही. लग्नाला दोन वर्षंही झालेली नाहीत. बायकोचा फोन घेऊन आला, काच कोपऱ्यातून तडकलेली. मी फोन गरम करून फोल्डर सोडवत होतो, तेवढ्यात काउंटरवर वाकून हळूच म्हणतो, "काका, नवा फोल्डर लावलात की एक ॲपही टाकून द्या ना. तिचं व्हॉट्सॲप माझ्या फोनवर दिसेल असं. तिला मात्र कळायला नको."

मी म्हटलं, असली कामं मी करत नाही. तर त्यानं स्वतःचा फोन माझ्या नाकासमोर धरला. बातमी. "आपल्या ग्वाल्हेरच्या हायकोर्टानंच चालतं म्हणून सांगितलंय. तुम्हाला काय अडचण आहे?"

मग माझा आवाज चढला. शेजारचा गजकवाला दुकान सोडून बघायला आला, इतका चढला.

अरे, मथळा वाचून मोकळा झालास, खाली काय लिहिलंय ते कोण वाचणार? जून २०२५ मधला तो निकाल आहे, मध्य प्रदेश हायकोर्टाच्या आपल्याच ग्वाल्हेर खंडपीठाचा. नवऱ्यानं बायकोच्या फोनमध्ये ॲप टाकलं होतं, तिचे चॅट आपोआप त्याच्याकडे यायचे, आणि घटस्फोटाच्या दाव्यात त्यानं ते पुरावा म्हणून पुढे केले. कोर्ट म्हणालं, कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १४ खाली असे चॅट न्यायाधीशांना बघता येतील. पण पुरावा दाखल करून घेतला म्हणून तो बेकायदा मिळवणारा आपोआप सुटला, असं काही नाही, हेही कोर्टानंच म्हटलंय. पुढे १४ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं दुसऱ्याच एका दाव्यात बायकोचे चोरून रेकॉर्ड केलेले फोन पुराव्यात घ्यायला हरकत नाही म्हटलं, आणि त्याच निकालात हेही लिहिलं की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवायला लागले, तर ते नातं मोडल्याचंच लक्षण आहे. या पोराला कोर्टात जायचंय का? नाही. त्याला रात्री पांघरुणात डोकं खुपसून बायकोचे मेसेज वाचायचेत.

हो, काहींचे संशय खरे निघतात. निघतात बाबा. ज्याला कोर्टातच जायचंय त्यानं वकील गाठावा, माझं दुकान गाठू नये.

पण खरं सांगतो, मी एवढा चिडलो तो कायद्यासाठी चिडलो नाही. २०२२ च्या श्रावणात मी स्वतः हेच केलंय. हे आजवर मी आणि माझी बायको सोडून तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. आज लिहितोय ते तिला विचारूनच.

त्या दिवसांत हिचा फोन टेबलावर पालथा असायचा. रात्री साडेबाराचं लास्ट सीन. मेसेज आला की ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू, मी खोलीत आलो की ते पुसलेलं. मी विचारलं नाही. विचारायची लाज वाटली, आणि उत्तराची भीती वाटली. मग तिच्या फोनची बॅटरी फुगली. मागचं कव्हर उचललं गेलं होतं, आणि तिनं स्वतः फोन माझ्या हातात दिला. "आजच बदलून आणा हो, शाळेचे ग्रुप बंद पडलेत." पिन मुलीच्या जन्मतारखेचा, तो मला ठाऊकच. बॅटरी बदलली. मग दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडलं, तिच्या फोननं कोड स्कॅन केला. नवं डिव्हाइस जोडलं गेल्याची सूचना तिच्या फोनवर आली, ती मीच अंगठ्यानं बाजूला सारली. संध्याकाळी फोन पुसून, नवा टेम्पर्ड लावून तिला दिला. ती म्हणाली, "वा, अगदी नव्यासारखा केलात."

हे वाक्य आज दुपारी मला पुन्हा ऐकू आलं. त्या मुलाची बायकोही नवी काच बघून असंच काहीतरी म्हणाली असती.

अकरा दिवस मी वाचलं. तिच्या शाळेतले एक सर. "पोचलीस का?" "डब्यात काय आज?" आणि रोज रात्री, रोज, "गोळी घेतलीस ना?" त्यावर हिचं उत्तर, "घेतली. तुम्ही आठवण करता म्हणून तरी." एवढंच. या 'गोळी' शब्दानं माझी झोप उडाली. ही कसली खूण, कसली सांकेतिक भाषा, गोळी म्हणजे नक्की काय? गिऱ्हाईक समोर उभं, सोल्डरिंगची तार हातात, आणि माझ्या डोक्यात गोळी. मनात नाही नाही ते आलं. इथे लिहिण्यासारखं नाही ते. संशय आला की साधी अक्षरंही साधी राहत नाहीत. "बरं" म्हटलं तरी त्यात दोन अर्थ दिसायला लागतात.

आणि आपण वाचतोय हे कळू नये म्हणून मी काय काय सांभाळायचो! तिनं उघडायच्या आधी मी मेसेज उघडला तर तिच्या फोनवरचा हिरवा आकडा जाणार, समोरच्याला निळ्या टिका दिसणार. म्हणून ती वाचेपर्यंत मी थांबायचो. भर दुपारी, दुकानात, बायकोनं परपुरुषाचा मेसेज कधी वाचावा याची वाट बघत बसलेला नवरा. या कामाला काही माणसं हुशारी म्हणतात. आज चहाच्या टपरीवर एक जण मला म्हणालाच, "नवऱ्याला कळायलाच हवं, त्यात काय?" माझ्याशी पुढचे चार दिवस त्यानं बोलू नये.

अकराव्या दिवशी घाई झाली. मी आधी उघडला.

त्या रात्री ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर तिचा फोन उताणा ठेवलेला, स्क्रीन चालू. लिंक्ड डिव्हाइसेसची यादी. त्यात एकच ओळ, क्रोम, विंडोज, आणि खाली काल दुपारची वेळ. फोनच्या शेजारी गोळ्यांची स्ट्रिप, चार संपलेल्या, सहा शिल्लक. रक्तदाबाच्या. चार महिन्यांपासून चालू होत्या. शाळेत एकदा चक्कर आली होती, तेव्हा त्या सरांनीच रिक्षानं डॉक्टरांकडे नेलं होतं. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"अकरा."

"अकरा दिवस वाचलंत, आणि गोळी कसली, एवढं एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

एवढंच बोलून तिनं गॅस बंद केला आणि माझा चहा गाळला. तो चहा मी प्यायलो की नाही, आठवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, तिनं तरी तुम्हाला का नाही सांगितलं? परक्याला सांगायचं आणि नवऱ्यापासून लपवायचं, हे बरोबर का? बरोबर नव्हतं. हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. ज्याचा फोन पालथा असतो त्याच्याही गळ्यात काही जबाबदारी असते. पण तिचं उत्तर ऐका. लॉकडाऊननंतर दुकानाचं कर्ज डोक्यावर होतं, मी घरी आलो की कुणाशी धड बोलत नव्हतो. तिनं दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा मी म्हणालो, "आत्ता नको, उद्या बोलू." ही दोन्ही वाक्यं तिला तारखेसकट पाठ होती. मला एकही आठवत नव्हतं.

त्या सरांचा मला अजून राग येतो का? येतो. मला विचारायला हवं होतं ते रोज कुणीतरी दुसरा विचारत होता, हे कुठल्या नवऱ्याला गोड लागेल? ती अजून त्यांच्याशी बोलते. मला आवडत नाही, तिला ठाऊक आहे मला आवडत नाही, आणि तरी मी तो फोन पुन्हा उघडलेला नाही. रात्री साडेनऊला गोळी आता मी देतो. कधी विसरलो तर ती आठवण करत नाही, वाट बघते. दुसऱ्या दिवशी स्ट्रिप मोजली की मला कळतं.

महिन्या-दोन महिन्यांत असं एखादं माणूस येतंच. नवरेच येतात असंही नाही. परवा एक बाई नवऱ्याचा फोन घेऊन आली होती, रडत. तिला मी बसवून पाणी दिलं, तिच्यावर ओरडलो नाही. मग आज या पोरावर एवढा का ओरडलो? कदाचित त्यानं "तिला मात्र कळायला नको" हे ज्या आवाजात म्हटलं, तो माझा आवाज होता. आता वाटतं, थोडं कमी ओरडायला हवं होतं. बसवायला हवं होतं त्यालाही. भाऊ, रात्री जेवताना विचार तिला, मला भीती वाटतेय म्हणून सांग, असं म्हणायला हवं होतं. ही पोस्ट तो वाचेल. वाच बाळा. आणि दुकानात ये, पण फोन न घेता ये.

जेवताना हिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, बरं केलंत म्हणेल. ती भाकरी मोडता मोडता थांबली. म्हणाली, "त्याला हाकललंत ते ठीक. तिला सांगितलंत का?"

मी गप्प बसलो.

"दुसरं दुकान काय ग्वाल्हेरात नाही?" म्हणाली. "बाड्यावर जाईल तो, कुणीही टाकून देईल."

रागारागात तो गेला तेव्हा फोन माझ्याकडेच राहिला. फोल्डर मी बसवलाय, टच तपासलाय. फोन आत्ता माझ्या ड्रॉवरमध्ये, बंद करून ठेवलाय. ही म्हणते, जिचा फोन तिच्याच हातात द्या. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी मी छावणीत त्यांच्या घरी जाणार आहे, आणि ही माझ्यासोबत येणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.