गैरसोय कोणाची आणि कशासाठी

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आंदोलन रास्त केव्हा मानावे या माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत. मला पटणाऱ्या आंदोलनांना मी उद्दिष्टाच्या मापाने मोजतो आणि न पटणाऱ्यांना पद्धतीच्या; मतपेटी आणि न्यायालय असताना रस्ता अडवणे म्हणजे तिऱ्हाइतांना वेठीस धरणे आहे; आणि वर्षभरात किती मागण्या पदरात पडल्या एवढेच पाहिले, तर बहुतेक आंदोलने फसलेली दिसतात. पहिला आक्षेप मान्य करताना मला थोडे ओशाळायला झाले, कारण 'इतिहासाने त्यांना योग्य ठरवले' असे लिहून मी यशालाच रास्तपणाचा पुरावा मानून बसलो होतो. या न्यायाने चिरडले गेलेले प्रत्येक आंदोलन अनुचित ठरेल आणि जिंकलेली प्रत्येक झुंडशाही समर्थनीय ठरेल. ते वाक्य मी लेखातून काढले आहे.

दुसऱ्या आक्षेपासाठी आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या, संविधान सभेतील भाषणाचा आधार घेतला आहे, आणि तो आधार भक्कम आहे. सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह यांची नावे घेऊन त्यांनी हे मार्ग आता सोडले पाहिजेत असे सांगितले आणि त्यांना अराजकाचे व्याकरण म्हटले. मात्र त्याच युक्तिवादाचा एक भाग उद्धृत करताना बहुधा गळतो: सांविधानिक मार्ग जेव्हा उपलब्धच नव्हते, तेव्हा असांविधानिक मार्गांना पुष्कळ समर्थन होते, असेही ते म्हणाले होते. म्हणून दार उघडे होते की नुसते भिंतीवर रंगवलेले होते, हे प्रत्येक प्रसंगी तपासावे लागते. (शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ नेच दिलेला असल्याने साधा मोर्चा या वादात येतच नाही.)

ही तपासणी कशी करायची, याचे मला माहीत असलेले सर्वांत काटेकोर उदाहरण महाडचेच आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला होता आणि महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळे खुले जाहीर केले होते. दार कागदावर उघडे होते, पण पाण्याला हात लावण्याची कोणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्यांनी कोणताही कायदा मोडला नाही. मारहाण झाली ती त्यानंतर, त्यांनाच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या सत्याग्रहासाठी हजारो माणसे पुन्हा जमली, पण त्याआधीच दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आला होता, आणि बाबासाहेबांनी पाणी घेण्याचा कार्यक्रम तहकूब केला. जमलेला जमाव परत फिरवणे ही आंदोलनातली सर्वांत अवघड गोष्ट असते, याचा विचार आंदोलनाचे टीकाकार क्वचितच करतात.

आता रस्त्याकडे येतो. १ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी एका मोठ्या दुकानात किरकोळ वस्तू विकत घेतल्या, आणि मग त्याच दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या स्टुलांवर बसून कॉफी मागितली. ज्या दुकानाने एका गल्ल्यावर त्यांचे पैसे घेतले, त्यानेच दुसऱ्या गल्ल्यावर त्यांना नकार दिला. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. येथे मोडलेला नियम आणि ज्याला विरोध होता तो अन्याय एकच होता, त्यामुळे नुसत्या बसण्यातच साऱ्या जगाला मागणी दिसली. मिठाच्या सत्याग्रहाचेही तेच. रास्ता रोकोत हा दुवा नसतो, कारण वाहतुकीच्या नियमाविरुद्ध कोणाचीच तक्रार नसते. तरीही मी त्याला सरसकट अनुचित म्हणणार नाही, कारण युद्ध किंवा अर्थसंकल्प यांसारख्या निर्णयांत सामान्य नागरिकाला मोडता येईल असा नियमच हाती नसतो. अशा वेळी अटी कडक होतात एवढेच: पूर्वसूचना, ठरलेली वेळ, रुग्णवाहिकेला वाट आणि अटक झाल्यास ती निमूटपणे स्वीकारण्याची तयारी. यांपैकी रुग्णवाहिकेची अट मोडणाऱ्यांच्या बाबतीत माझे मत आपल्यापेक्षा वेगळे नाही, मग त्यांची मागणी मला कितीही पटो.

लोकांचा रोष हा मात्र निकष होऊ शकत नाही. १९६१ मध्ये गॅलप या संस्थेने घेतलेल्या जनमत चाचणीत ५७ टक्के अमेरिकनांनी असे सांगितले होते की, उपाहारगृहांतील ठिय्ये आणि तत्सम निदर्शने यांमुळे कृष्णवर्णीयांच्या मागणीचे नुकसानच होईल. ग्रीन्सबरोचे ते उपाहारगृह त्याआधीच, जुलै १९६० मध्ये, सर्वांना खुले झाले होते.

परिणामकारकतेविषयी आपला मुद्दा अर्धा बरोबर आहे. १५ फेब्रुवारी २००३ रोजी इराक युद्धाच्या विरोधात जगभर शेकडो शहरांत लाखो माणसे रस्त्यावर उतरली, आणि पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झाले. गर्दी विक्रमी होती, पण ती दुसऱ्या दिवशी घरी गेली, आणि तिला नाकारण्याची कोणतीही किंमत सरकारांना मोजावी लागली नाही. मात्र आपला एका वर्षाचा हिशेब मिठाच्या सत्याग्रहाला लावला तर तेही फसलेच म्हणावे लागेल, कारण मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरील लोकांना घरगुती वापरापुरती सवलत मिळाली आणि मिठावरचा कर तसाच राहिला. फरक असा की तुरुंग भरले होते, आणि व्हाइसरॉयला काल कैदेत असलेल्या माणसाशी समोरासमोर बसून बोलावे लागले होते. अहिंसक मोहिमांपैकी ५३ टक्के आणि सशस्त्र मोहिमांपैकी २६ टक्के यशस्वी झाल्या, हा चेनोवेथ आणि स्टीफन या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचा निष्कर्ष मीही लेखात दिला होता; पण त्यांनी तपासलेल्या ३२३ मोहिमा राजवट उलथण्याच्या किंवा स्वातंत्र्याच्या होत्या, त्यामुळे एखाद्या धरणे आंदोलनाला ते आकडे लावणे ही माझी घाई होती.

आणि महाड? पहिल्या सत्याग्रहानंतर काही महिन्यांतच नगरपालिकेने तळे खुले करण्याचा आपला ठराव मागे घेतला. आपल्या हिशेबाप्रमाणे मार्च १९२८ मध्ये या आंदोलनाच्या नावावर ठराव रद्द होणे, मनाई हुकूम आणि एक दिवाणी दावा एवढेच जमा होते. त्या दाव्याचा मुंबई उच्च न्यायालयातील निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये.